जुना फोटो आणलात का?

आमच्या सेंटरमध्ये बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. आत बिस्किटं नाहीत, हेअरपिना आहेत. फोटो काढायचा म्हणजे बाईच्या अंगावरचं धातूचं सगळं आधी उतरवायला लागतं, आणि ते उतरवून घेणं हे माझं काम. जाताना मंगळसूत्र कुणी विसरत नाही, कानातलं विसरत नाही. पिना मात्र हमखास विसरतात. आता डब्याचं झाकण बसेनासं झालंय. किस्स्यांचंही तसंच आहे. माणसं येतात, उताणी झोपतात, श्वास धरतात, सोडतात, कपडे घालून निघून जातात आणि मागं एक किस्सा टाकून जातात. परत न्यायला कुणी येत नाही. म्हटलं, थोडे बाहेर काढावेत.

सेंटर पनवेलात, मासळी बाजाराच्या मागच्या गल्लीत. एक्स-रे, सीटी, सोनोग्राफी, सगळं तिथंच. एक्स-रेला इकडं सगळे फोटोच म्हणतात, मीही म्हणते. मी चौथी पास. मशीनमधलं मला काही कळत नाही, माणसांमधलं थोडं कळतं. डॉक्टर मॅडम रिपोर्ट लिहितात, दिलीप मशीन चालवतो, आणि त्या दोघांचं न ऐकणारा पेशंट आला की मी ओरडते. ओरडण्यात मला अजून कुणी हरवलेलं नाही.

*

आधी हिराचं सांगते. बाकी सगळे येऊन गेले, ही वर्षभर येत राहिली.

हिरा उरणची कोळीण. आमच्या गल्लीच्या तोंडाशी तिची पाटी असते. तिच्याकडून मी मासे घेते आणि भावावरून रोज भांडते, म्हणजे मैत्रीणच म्हणायची. तिला खोकला लागला. उरणच्या डॉक्टरनं छातीचा फोटो काढला, तर फुप्फुसात वाटाण्याएवढा डाग दिसला. त्यानं चिठ्ठी देऊन पनवेलच्या डॉक्टरकडं पाठवलं. पनवेलचा म्हणाला, हा फोटो नीट आलेला नाही, परत काढा. तो आमच्याकडं काढला. मग म्हणाला, सीटी काढा. तेही काढलं. मग तिचा मुलगा नरेश तिला खारघरच्या मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेला. नरेश द्रोणागिरीला गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहे, आईवर फार जीव. तिथला डॉक्टर म्हणाला, बाहेरचं सीटी आम्ही धरत नाही, आमच्या मशीनवर परत काढा.

या सगळ्या धावपळीत खोकला आपोआप बरा झाला. डाग राहिला.

खारघरच्या डॉक्टरनं सांगितलं, डाग जुना असेल तर काही नाही, नवा असेल तर वाईट. ते कळायला सारखं सीटी काढत राहायचं, नाहीतर पाठीतून सुई घालून तुकडा काढून तपासायचा. हिरा तशीच पाटी डोक्यावर घेऊन आमच्याकडं आली, मागोमाग नरेश. दारातच बसली.

"सुमन, माजा नवरा छातीनंच गेला," ती म्हणाली. "आता माज्या छातीत सुई घालतायत."

मॅडमनी तिला आत घेतलं आणि विचारलं, "जुना फोटो आहे का? कधीचाही चालेल. त्यात हा डाग एवढाच दिसला तर सुई नको आणि सारखं सीटीही नको. गरज असेल तर कितीदाही काढा, मी नाही म्हणणार नाही. पण नुसतं कुणी कुणाचं बघत नाही म्हणून एवढी किरणं अंगात घालून घ्यायची, हे काही बरं नाही."

हिरा म्हणाली, "माज्याकडं फोटोबिटो नाय."

मी म्हटलं, "अगं, नवऱ्याला टीबी झाला तेव्हा घरातल्या सगळ्यांचे काढले होते ना?"

तर नरेश मध्येच म्हणाला, नवीन घर बांधलं तेव्हा जुनं सगळं फेकून दिलं. विषय संपला. हिरानं पाटी उचलली. त्या दिवशी तिनं मला भावावरून एक शब्द न बोलता मासे दिले, तेव्हा मला कळलं बाई किती घाबरलीय.

*

जुने फोटो माणसं सांभाळत नाहीत, हे मला नवीन नाही. "जुना फोटो आणलात का?" हा प्रश्न मी दिवसभर विचारते आणि दिवसभर नाही ऐकते. कुणाचा फोटो उंदरानं खाल्लेला असतो, कुणाचा माहेरी राहिलेला असतो. मग काढा परत.

एक शाळामास्तर मात्र आले ते ऐटीत पाकीट घेऊन. "आम्ही सगळं जपून ठेवतो," म्हणाले. मॅडमनी पाकिटातून फोटो काढला, तर तो निम्माच. कात्रीनं नीट, सरळ कापलेला.

मॅडम म्हणाल्या, "सर, डावं फुप्फुस कुठाय?"

मास्तर म्हणाले, "सातवी ब मध्ये. ग्रहण बघायला मुलांना तुकडे करून दिले."

*

आता आमच्या दिलीपचं. मशीनवर काम करणाऱ्याला छातीला लावायला एक बॅज असतो. दिवसभरात त्याच्या अंगावर किती किरणं पडली ते त्या बॅजला कळतं. ठरावीक महिन्यांनी बॅज तपासायला जातो. पेशंटला असला बॅज नसतो. हिराला एक लावायला पाहिजे होता, मी म्हटलंही, पण माझं कोण ऐकतो?

एकदा दिलीपच्या बॅजचा आकडा इतका वर आला की वरून विचारणा आली. दिलीपची बोबडी वळली. बायकोनं रडून घर डोक्यावर घेतलं. त्याची आई त्याला दुधात हळद घालून पाजायला लागली. केस गळतात का म्हणून तो रोज कंगवा बघायचा, आणि मूळचं टक्कल असल्यामुळं त्याला काही कळेना.

मॅडमनी चौकशी केली. तेव्हा निघालं असं की या शहाण्यानं बॅज कधी अंगावर लावलाच नव्हता. हरवू नये म्हणून एक्स-रेच्या खोलीत, मशीनच्या समोरच्या खिळ्याला अडकवून ठेवला होता. हा काचेमागं सुरक्षित, आणि बॅज सगळ्या पनवेलचे फोटो छातीवर झेलत उभा. दिलीप सुट्टीवर गेला तेव्हाही.

मॅडम म्हणाल्या, "या वर्षीची बढती बॅजला देऊ या. तो एकही दिवस गैरहजर नाही."

*

खारघरच्या टॉवरमधले एक साहेब आहेत. नाव सांगत नाही, सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. त्यांच्या बिल्डिंगच्या गच्चीवर मोबाईलचा टॉवर बसणार होता, तर यांनी घरोघर फिरून सह्या गोळा केल्या. किरणांमुळं काय काय होतं याचं भाषण दिलं. टॉवर आला नाही. माणूस जिद्दीचा.

हे साहेब धडधाकट. दरवर्षी वाढदिवसाला पूर्ण शरीराच्या तपासणीचं पॅकेज घेतात. त्यात सीटी असतं. मॅडमनी त्यांना समजावलं, तुम्हाला कसलाही त्रास नाही, मागच्या वर्षी काही निघालं नाही, उगाच कशाला काढता? साहेब म्हणाले, "पॅकेजमध्ये आहे ना! मग सोडायचं कशाला?"

लग्नात पोट भरल्यावरसुद्धा ताटात आलेली जिलबी माणूस सोडत नाही, तसं. मॅडमनी हात टेकले.

मी त्यांना गाऊन दिला. साहेब गाऊन घालून आले, मशीनच्या फळीवर झोपले. दिलीप काचेमागं गेला. मी दार लावणार, तेवढ्यात त्यांनी मला हाक मारली.

"मावशी, हा माझा फोन बाहेर न्या. उशाशी मी कधी ठेवत नाही. किरणं असतात त्यातून."

*

बाजारात अत्तर आणि टोप्यांचं दुकान असलेले एक चाचा आहेत. कोकणी मुसलमान, मुलं सगळी आखातात, घरात दोघंच. चाची पडल्या, कंबर दुखावली. चाचा त्यांचा हात सोडेनात. फोटो काढताना माणूस आत थांबत नाही, असं मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ओरडणार होते, पण चाची थरथरत होत्या. मॅडम म्हणाल्या, राहू दे, शिशाचा ॲप्रन घाला त्यांना.

तो ॲप्रन भलता जड. किरणं अंगावर येऊ नयेत म्हणून असतो. चाचांना मी तो घातला, का घालायचा ते सांगितलं आणि बाहेर आले. दिलीपनं बटण दाबलं. फोटो आला तो सगळा पांढरा. हाड नाही, मांस नाही, काही नाही. दिलीप म्हणाला, मशीन गेलं वाटतं.

आत जाऊन बघते तर ॲप्रन चाचांच्या अंगावरून चाचींच्या कंबरेवर! नीट, दोन्ही बाजूंनी खोचलेला, थंडीत गोधडी घालावी तसा.

मी म्हटलं, "चाचा, हे काय केलंत? फोटो त्यांचाच काढायचाय!"

"बहेन, मला काय व्हायचंय आता?" चाचा म्हणाले. "हिला जपायची ना."

जपण्याच्या नादात चाचींना परत फोटो काढून घ्यावा लागला. निघताना मी दुसरा फोटो पाकिटात घालून दिला. चाचांनी काउंटरवरचा तो पांढरा फोटो बघितला, हातात घेतला.

"हाच देतेस का? यात बीमारी काहीच दिसत नाही."

*

आता सासूचा किस्सा. फोटो काढायच्या आधी आम्ही बाईला विचारतो, दिवस गेलेत का? गेले असतील तर पोटातल्या जिवाला किरणं नकोत. विचारायला सोपं आहे. पण आपल्याकडं तिसरा महिना सरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही ही रीत, आणि बाईबरोबर सासू आलेली असते. दिलीप बिचारा हळू आवाजात विचारतो, आणि उत्तर देते सासू.

अशीच एक नवीन लग्न झालेली पोरगी आली. जिन्यात घसरली होती, कंबरेचा फोटो काढायचा होता. दिलीपनं विचारलं. सासू म्हणाली, "छे हो, तसलं काही नाही. असतं तर मला नसतं का कळलं?" सून खाली फरशी बघत राहिली.

फरशी बघणारी बाई मला बरोबर ओळखता येते. मी तिला कपडे बदलायच्या खोलीत नेलं, दार लावलं, आणि माझ्याच्यानं होईल तेवढ्या हळू विचारलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "मावशी, मागच्या वेळी सगळ्यांना सांगितलं आणि गेलं. या वेळी मी कुणालाच सांगितलं नाही. तुम्ही पण सांगू नका."

मी मॅडमच्या कानात सांगितलं. मॅडम म्हणाल्या, थांबवा, तिला पाठवणाऱ्या डॉक्टरांशी मी फोनवर बोलते. आता सासूला काय सांगायचं? बाहेर येऊन मी ठणकावून सांगितलं, "मशीन बिघडलंय. आज फोटो निघणार नाही."

एवढ्यात दिलीपनं आतून पुढच्या पेशंटला हाक मारली. तो पेशंट आमच्यासमोरून लंगडत गेला, लगेच फोटो काढून लंगडत बाहेरही आला.

सासू म्हणाली, "मशीन बिघडलंय ना?"

मी म्हटलं, "तुमच्या सुनेपुरतं बिघडलंय."

सासूनं माझ्याकडं बघितलं. मग सुनेकडं बघितलं. मी खिडकीतून पाहत होते. जिना उतरताना तिनं सुनेच्या हातातली पिशवी काढून स्वतःकडं घेतली.

*

असे पेशंट येत होते, जात होते आणि हिराचा दिवस जवळ येत होता. खारघरवाल्यांनी पुन्हा सीटी काढलं, म्हणाले डाग आहे तेवढाच आहे, पण एवढ्यावरून खात्री देता येत नाही. सुई घालूनच टाकू. तारीख दिली. नरेशनं सुट्टी टाकली. हिरानं बाजारातली जागा शेजारणीला सांभाळायला सांगितली, आणि मला म्हणाली, रविवारी जेवायला ये. परत कधी बोलवीन का, माहीत नाय.

मी तिला असल्या बोलण्याबद्दल चांगलं झापलं आणि रविवारी उरणला गेले.

नरेशचं नवीन घर छान आहे. खाली लादी, आत गरम पाण्याचं मशीन लावलेलं बाथरूम. हिरा तिथं पाऊल ठेवत नाही. म्हणते, त्यात पाय घसरतो. मागच्या अंगणात तिची जुनी न्हाणी तशीच ठेवायला लावलीय तिनं. तिथंच ती अंघोळ करते, तिथंच मासे धुते. जेवायच्या आधी मी हातपाय धुवायला तिकडं गेले. दार लोटलं.

न्हाणीत निळसर उजेड पडला होता. समोर खिडकी, दोन झडपांची. काचा कधीच्या फुटलेल्या, आणि बाहेरून कुणाला आतलं दिसू नये म्हणून दोन्ही झडपांना छातीचे फोटो ठोकलेले. शेजारी शेजारी. बरगड्यांमधून ऊन येत होतं.

मी जी ओरडले ती शेजारची माणसं गोळा झाली. त्यांना वाटलं साप निघाला.

हिरा हात पुसत आली. मी म्हटलं, "हे काय आहे?"

"खिडकी," ती म्हणाली.

"अगं, मॅडम घसा फोडून विचारत होत्या, जुना फोटो आहे का म्हणून! नरेश, तुला दिसलं नाही हे?"

नरेशला काय दिसणार? तो लहानपणापासून त्या खिडकीखाली अंघोळ करत आलेला. मी पक्कड मागवली आणि डाव्या झडपेचा खिळा उपसायला घेतला, तर हिरानं माझा हात धरला.

"तो नको काडू. तो नरेशच्या बापाचा हाय. माजा या बाजूचा."

उजवा काढला. कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांत तिचं नाव होतं, नरेशनं वाचून दाखवलं. त्या वेळी तो शाळेत होता, आता त्याची मुलं शाळेत आहेत. फोटोवर साबणाचे शिंतोडे, कडा पिवळ्या. मधोमध डाग आहे की काय ते कुणालाच कळेना, आणि जेवण कुणालाच गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं मॅडमच्या पुढ्यात. आजकाल सगळं कॉम्प्युटरवर बघतात. भिंतीवर दिव्याची जुनी पेटी आहे, तिच्यावर आम्ही कॅलेंडर टांगलंय. मॅडमनी कॅलेंडर काढलं, पेटी लावली, फोटो तिच्यावर चढवला.

डाग होता. एक सोडून दोन होते.

नरेश खुर्चीत बसला. मॅडमनी एका डागाला नखानं खरवडलं. तो निघाला, त्यांच्या बोटाला चिकटला, चमकला.

हिरानं पुढं होऊन बघितलं. म्हणाली, "जिताड्याचा खवला हाय."

मॅडमनी दुसरा खरवडला. तो निघाला नाही. मग त्यांनी पट्टी घेतली. जुन्यावर मोजलं, कॉम्प्युटरवर मोजलं, परत जुन्यावर मोजलं. आमच्या सेंटरमध्ये माणसाला श्वास धरा म्हणून मी सांगते. त्या दिवशी मला कुणी सांगायला लागलं नाही.

"तोच आहे," मॅडम म्हणाल्या. "जागा तीच, माप तेच. इतक्या वर्षांत वाढलेला नाही. टीबी घरात होता तेव्हाची जुनी खूण आहे ही. खारघरच्या डॉक्टरांशी मी बोलते. सुईची गरज नाही, आणि आता सीटीही नको. खोकला आला तर या, नाहीतर इकडं फिरकूसुद्धा नका."

नरेश रडायला लागला. दिलीपनं त्याला पाणी दिलं. हिरा फोटोकडंच बघत होती. मग तिनं विचारलं, "हा परत नेऊ ना?"

मॅडम म्हणाल्या, "न्यायचा, पण खिडकीला लावायचा नाही. कपाटात ठेवायचा. उद्या दुसऱ्या कुठल्या डॉक्टरनं डाग बघितला तर त्याला हाच दाखवायचा, म्हणजे परत परत किरणं घ्यावी लागणार नाहीत. कळलं?"

"कळलं," हिरा म्हणाली. फोटो तिनं पदरात गुंडाळला. दारापर्यंत गेली, आणि परत आली.

"मंग मॅडम, तेवढ्याच मापाचा एक नवा काडून द्या. त्याच्या बाजूची खिडकी उघडी पडलीय."